दहा यार्डांची साखळी

मिल्टन कीन्स,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

मंजिरीताई,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, म्हणून नमस्कार. तो पोचला असं समजा आणि पुढे वाचा.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. पाकिटावर नाव माझं, पत्ता माझ्या मुलीच्या घराचा, पण तिचं नाव लिहायला तुमचा हात काही वळला नाही. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, माझी पूर्वी अजून तुमच्या लेखी 'वेदची आई'च. असो. फोन न करता पत्र का, तर म्हणे व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट फिरतात. पहिल्यांदा कोणी फिरवले होते ते जरा आठवा. मला पत्र चालतं. पस्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली, लेखी उत्तर द्यायची सवय आहे.

मुद्द्यावर येते. तुमचं म्हणणं असं, की वेदने हा अमेरिकन फुटबॉल ताबडतोब सोडावा. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते डोकं अजून जन्मभर वापरायचंय. तुम्ही अठ्ठावीस वर्षं वॉर्डात सिस्टर होतात आणि अशी मुलं डोळ्यांनी पाहिली आहेत. मी सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडात आलेच आहे, तर निदान आजी म्हणून एवढं तरी करावं. पत्रात 'निदान' हा शब्द चार वेळा आलाय. मी मोजला.

लग्नात विहिणीच्या पंगतीला तुम्ही श्रीखंड आंबट आहे म्हणून वाटी पुढे सरकवली होतीत. तेव्हापासून तुमच्या सूचना ऐकतेय. पण ही ऐकणार नाही.

मुलगा बोलायचा बंद झाला होता, मंजिरीताई. तुम्हाला ते कळलं नसेल, कारण तुमच्याकडे तो शहाण्यासारखा वागायचा. एक वीकेंड बापाकडे, तुमच्या सुयशकडे, एक वीकेंड इकडे, खांद्यावर तीच बॅग. पूर्वी मला कराडला फोन करून सांगायची, आई, तो 'फाइन' सोडून दुसरा शब्द बोलत नाही. दोन वर्षं हे असं. मग तो या कॉलेजात गेला आणि तिथे त्याला ही हेरन्स नावाची टीम सापडली. मी ऑक्टोबरात उतरले तर हा जेवणाच्या टेबलावर काटेचमचे मांडून मला डाव समजावतोय. "आजी, ही मीठ म्हणजे मी. आणि हा लोणचा मला पाडायला येतोय." मी लोणच्याचं लिंगही दुरुस्त केलं नाही. अर्धा तास बोलत होता. पूर्वी स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती, रडत असावी.

तो खेळ मी सोडायला लावू? तुम्ही लावून बघा. उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं बेसिंगस्टोक बरं पडतं.

आणि तुम्हाला सुयशकडून कळेलच, त्याआधी मीच सांगते. मी मैदानावर नुसती थर्मास घेऊन बसत नाही. मला काम मिळालंय. या खेळात बॉल ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेले तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्यांना. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये साखळी धरून माणसं उभी असतात. माणसं यजमान टीमने द्यायची. पहिल्या सामन्याला एक जण आलाच नाही. डॅरन म्हणून त्यांचे कोच आहेत, ते इकडेतिकडे बघायला लागले. मी म्हटलं, आण इकडे. साखळी धरण्यात माझी हयात गेलीय. १९८४ साली कराड तालुक्यात भूकरमापक म्हणून लागले तेव्हा बाई साखळी ओढणार म्हणून लोक बांधावर बघायला यायचे. आमची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. यांची तीस फुटांची. तीन फूट आखूड आहे, पण कडी तीच आणि ताण तोच. हातमोजे घालून ती नीट धरता येत नाही, म्हणून मी उघड्या हातांनी धरते.

दोन सामने झाले. दोन्ही हरलो. एकात तर भोपळा.

उत्तराची अपेक्षा नाही, पण तुम्ही पाठवालच.

अरुणा


मिल्टन कीन्स,
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

मंजिरीताई,

पाठवलंतच.

पत्र दीड पान आणि सोबत डोक्याच्या दुखापतीवरची तीन माहितीपत्रकं, पिवळ्या पेनने रेघा मारलेली. मी शाळेत नाहीये. तरी वाचली, सगळी वाचली, कारण न वाचता उत्तर देणाऱ्यांतली मी नाही. मार लागल्यावर खेळाडूला पाच प्रश्न विचारायचे म्हणे. आपण कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ चाललाय, शेवटचे गुण कोणी केले, मागचा सामना कोणाशी होता, तो जिंकलो का. शेवटचा प्रश्न हेरन्सना विचारण्यात अर्थ नाही. बेशुद्ध माणूससुद्धा बरोबर सांगेल.

तुम्ही लिहिता, 'साखळी धरून मिरवण्यापेक्षा मुलाकडे लक्ष द्या. मापं काढणाऱ्यांना डोक्यातलं काय कळणार?' बरं. मापाचंच सांगते.

परवाच्या रविवारी चौथा सामना झाला. शेवटची दोन मिनिटं, आपण दोन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न. वेदने बॉल छातीशी धरला आणि मान खाली घालून घुसला. तीन जण अंगावर घेऊन पडला. बॉल कुठे टेकला तर अगदी दहा यार्डांच्या आसपास. पंचांनी साखळी मैदानात बोलावली. मागची काठी एका जायबंदी खेळाडूकडे होती. त्याने ती टेकवली, मी पुढची टेकवायला गेले, आणि माझ्या लक्षात आलं की साखळी सैल आहे. सैल साखळी म्हणजे माप आखूड, आणि आखूड मापात आपला बॉल पुढे. कोणालाही कळलं नसतं. पंच बॉलकडे बघत होते. मी म्हटलं, थांबा, ताण द्या. दिला ताण. बॉल चार बोटं मागे निघाला. सामना गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी त्यांच्या घरात शिरून चोरी केलीय. गाडीत वेद तीन राउंडअबाउट झाल्यावर म्हणाला, तू थोडी सैल ठेवली असतीस तर काय झालं असतं? मी त्याला आमच्या पंचायत समितीच्या सभापतीची गोष्ट सांगितली. त्याने माझ्या बदलीचा कागद तयार करून मोजणीच्या जागी आणला होता. बांध दोन हात सरकवा, नाहीतर सोमवारी पाटणला हजर व्हा. मी सोमवारी पाटणला हजर झाले. दोन वर्षं एसटीने गेले. तुमची सून तेव्हा सहावीत होती, तिला विचारा. अर्थात तुम्ही तिला काही विचारत नाही.

तो ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी टीमच्या ग्रुपवर सगळं इंग्रजीत टाकलंन. आता त्या पोरांनी मला जांभळा हुडी दिलाय, पाठीवर 'चेन आजी' असं लिहिलेला. घालून रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवरून, चालत दुकानात जाते. मिरवणं म्हणालात ना, ते हे.

तेव्हा मापं काढणाऱ्यांना काय कळतं ते मला शिकवू नका. तुम्ही नाकाने कांदे सोलता, मी आयुष्यात एक बोट इकडचं तिकडे केलेलं नाही.

ख्रिसमसला वेद तुमच्याकडे येईल. त्याला दूध पचत नाही, चार वर्षं झाली. मागच्या वर्षी तुम्ही बासुंदी केली होतीत.

अरुणा


मिल्टन कीन्स,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

मंजिरीताई,

चार ओळींचं पत्र, आणि तेही फर्स्ट क्लास टपालाने. सुयशने घरी जाऊन लगेच चहाडी केली म्हणायची. करू दे. तुमच्या गावची टीम रविवारी इथे येऊन हरली, तेही सांगितलं का त्याने? वीस-अठरा. या सीझनमधला पहिला विजय. डॅरन चक्क रडले.

वेद पडला, हो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कडेला पळत होता, दोघांनी त्याला रेषेबाहेर ढकललं, माझ्या काठीपासून तीन हातांवर आपटला. हेल्मेट जमिनीला लागलं. उठायला अर्धं मिनिट लागलं असेल. थंडीत जमीन कडक असते, कोणालाही लागतं. मेगन म्हणून त्यांची फर्स्ट एडवाली मुलगी आहे, ती धावत आली. तिने त्याला खाली बसवलं, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, आणि तुमच्या त्या पत्रकातले पाचही प्रश्न विचारले. पाचही उत्तरं बरोबर आली. मी तिथेच होते, माझ्या कानांनी ऐकली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून मराठीत चार शब्द बोलले, एवढंच. आजी धीर देणार नाही तर कोण देणार? तुमचा सुयश मैदानाच्या पलीकडे कॉफीचा कप घेऊन उभा होता. साठ यार्डांवरून त्याला वेदचे डोळे कसे दिसत होते ते त्यालाच विचारा.

पुढच्या क्वार्टरमध्ये वेद परत उतरला आणि शेवटचे सहा गुण त्यानेच केले. कमी खेळाडूंची टीम आहे ही. बॉल घेऊन पळायचं तर तोच, समोरचा पळाला तर त्याला पाडायचं तरी तोच. सामना संपल्यावर पोरांनी त्याला उचललं. तो हसत होता. त्याला असं हसताना तुम्ही कधी पाहिलंय? मी तर नव्हतं पाहिलं.

तुम्ही लिहिता, 'मी सांगितलं होतं.' हे वाक्य तुम्ही पूर्वी-सुयशच्या घटस्फोटातही वापरलंत. सगळ्यांच्या देखत म्हणालात, की माझ्या मुलीला संसार कशाशी खातात ते कळलं नाही, आणि हे तुम्ही साखरपुड्यातच ओळखलं होतंत. तुमचं नेहमी आधीच सांगून झालेलं असतं. यावेळी तुम्ही चुकलात. मुलगा ठणठणीत आहे. साप साप म्हणून भुई धोपटू नका.

अरुणा


मिल्टन कीन्स,
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

मंजिरीताई,

प्रश्नावली मिळाली. नऊ प्रश्न, क्रमांक घालून. जबाब नोंदवून घेताय का माझा? घ्या.

उलटी नाही. एकदा झाली, सोमवारी, पण त्या दिवशी बाहेरचं खाल्लं होतं. झोप लागते. जरा जास्तच लागते, दुपारीही झोपतो, या वयात मुलं झोपतात. उजेडाचं विचाराल तर टेबलावरचा दिवा नको म्हणतो, कपाळावर हात धरून जेवतो. मीही म्हणते तो दिवा फार प्रखर आहे. फोन कमी बघतो, हे तर चांगलंच झालं. विसरतो का? लायब्ररीत गेला आणि कशाला आलो ते आठवेना म्हणून परत आला. मी दिवसातून चारदा फ्रिज उघडून उभी राहते. मला कोण प्रश्नावली पाठवतं?

पूर्वीला काही सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. तिचं ऑफिसात मोठं काम लागलंय, घरी येते तेव्हा तिच्या अंगात त्राण नसतं. तुम्हीही तिला काही कळवू नका. घरातल्या गोष्टी घरात राहू द्या. एवढं निदान करा. बघा, मीही तुमचा शब्द वापरला.

रविवारी शेवटचा सामना. अठरा खेळाडू तयार नसतील तर सामना सोडावा लागतो आणि हेरन्सकडे आता मोजून अठराच उरलेत. एक जरी बसला तरी सगळ्यांचा सीझन तिथेच संपतो. वेदला ते माहीत आहे. मलाही आहे.

आता सोमवारपर्यंत पत्र पाठवू नका.

अरुणा


मिल्टन कीन्स,
बुधवार, ११ मार्च २०२६

मंजिरीताई,

तुमचं परवाचं पत्र सोबत परत पाठवते आहे. दोनदा वाचलं. ठेवून घ्यायचा मला अधिकार नाही. का ते सांगते, शेवटपर्यंत वाचा.

त्या रविवारचं तुम्हाला लोकांकडून कळलं, माझ्याकडून नाही. दुसरा क्वार्टर चालू होता. वेदला साधा धक्का बसला, रोज बसतो तसा. पडला, लगेच उठला, आणि चालत जाऊन समोरच्या टीमच्या रांगेत उभा राहिला. त्यांच्या पोरांना गंमत वाटली, एकाने त्याला खांद्याला धरून वळवलं. तो परत तिकडेच वळला. मी काठी जमिनीवर टाकली आणि मैदानात गेले. पंच मला हातवारे करून बाहेर जा म्हणत होते. मी त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, हेडेक, टू वीक्स, स्टॉप. तेवढंच इंग्रजी मला त्या वेळी आलं. सामना थांबला. वेदला ॲम्ब्युलन्सने नेलं. हेरन्स सतरा उरले, पंचांनी सामना समोरच्यांना दिला.

पुढचं तुम्ही पाहिलंच. हॉस्पिटलात तुम्ही माझ्याआधी डॉक्टरांशी बोललात, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. डोक्यात रक्तस्राव नाही हे कळल्यावर तुम्ही माझा हात धरलात. मी तो सोडवून घेतला. तुम्हाला वाटलं असेल, अजून तेच वैर. ते नव्हतं.

तेव्हापासून माझं कौतुक चाललंय. डॅरनने पत्र पाठवलं, की आजींनी वेळेवर सांगितलं म्हणून मोठं संकट टळलं. पोरांनी सह्या करून कार्ड दिलं. त्यांचा सामना मी बुडवला आणि ती मला कार्ड देतात. पूर्वी भेटेल त्याला सांगते, माझी आई होती म्हणून. आणि आता तुम्ही. वीस वर्षांत पहिल्यांदा 'अरुणाताई' असं लिहिलंत. 'तुमच्यावर मी नको ते आरोप केले, तुमच्या एका धाडसाने आपला नातू वाचला, माझं चुकलं.' तुमच्या अक्षरात हे वाचून मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले.

मंजिरीताई, आठ फेब्रुवारीला त्या पाच प्रश्नांची उत्तरं वेदने दिली नाहीत. मी दिली.

मेगनने इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, आपण कुठे आहोत. वेदने माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर ठरत नव्हती, एक डोळा दुसऱ्याच्या मागून येत होता. मी सगळं पाहिलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मराठीत सांगितलं, घरचं मैदान. दुसरा हाफ. शेवटचे गुण त्यांचे. मागचा सामना केंब्रिजकडच्यांशी, हरलो. अगदी सावकाश सांगितलं, समजूत घालतोय अशा सुरात. तो एकेक करून तिला इंग्रजीत सांगत गेला. मेगनने मला विचारलं, तुम्ही त्याला काय म्हणालात? मी म्हटलं, प्रेयर. ग्रँडमदर्स प्रेयर. ती हसली, म्हणाली, सो स्वीट. आणि त्याला परत मैदानात पाठवलं.

देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. पोरीने विश्वास ठेवला, कारण अंगावर पोरांनी दिलेला हुडी होता आणि मी ती बाई होते जिने चार बोटांसाठी स्वतःच्या टीमला हरवलं होतं. त्या चार बोटांचा फुगारा मी तुम्हाला पानभर लिहून पाठवला होता. तो तुम्ही ठेवला असेल तर फाडून टाका.

त्या दिवशी घरी येताना वेद गाडीत म्हणाला, "आजी, कोणाला सांगू नको ना. आम्ही एटीनच आहे." मी मान हलवली. मग दोन आठवडे त्याला कपाळ धरून जेवताना पाहिलं आणि तुमच्या नऊ प्रश्नांना ती उत्तरं पाठवली. तोंडात मूग धरून बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. मी तर तुम्हालाच टोमणे मारत होते.

का केलं, ते सतरा दिवस मी स्वतःला विचारलंय. तो हसत होता म्हणून, असं आधी वाटलं. टीम कमी पडेल म्हणून, असंही सांगून पाहिलं. तेही होतं. पण मेगनने प्रश्न विचारला तेव्हा मी काय पाहिलं माहीत आहे? मैदानाच्या पलीकडे सुयश, त्याच्या कानाला फोन. मला वाटलं, हा आत्ता आईला सांगतोय. आणि तुम्ही म्हणणार, मी सांगितलं होतं. ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. तुमचं खरं ठरू नये म्हणून मी मुलाला परत पाठवलं. यापलीकडे कारण नाही. तुम्ही बरोबर होतात आणि मला ते पहिल्या पत्रापासून कळत होतं.

तो कसा आहे, ते खरं खरं सांगते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचू शकत नाही. शब्द सापडत नाहीत, काल चमचा मागायचा होता तर नुसता हात पुढे करून थांबला. डॉक्टर म्हणतात परत येईल, पण किती दिवसांत ते सांगत नाहीत. कॉलेजचं हे वर्ष गेलं. आणि तो पुन्हा 'फाइन' म्हणायला लागलाय. डॉक्टरांना त्याने सांगितलं, मीच मेगनशी खोटं बोललो. माझं नाव घेतलं नाही. मी त्याला म्हटलं, वेद, ते मी केलं. तर म्हणाला, "इट्स फाइन, आजी." मला थोबाडीत मारलीन असती तर बरं वाटलं असतं.

पूर्वीला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, जायच्या आधी सांगणार आहे. ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि मग मला जवळ घेईल. वेदने तर मला केव्हाच माफ करून सोडलंय. माझ्या माणसांत मला शिक्षा करणारं कोणी उरलं नाही. तुम्ही सोडणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणून हे सगळ्यांत आधी तुम्हाला लिहिलं.

माझं विमान तीन एप्रिलला आहे. पूर्वी ऑफिसला गेली की दुपारी त्याच्याजवळ बसायला कोणी नसेल. कधी उजेड कमी करायचा, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे तुम्हाला येतं. मला येत नाही. पूर्वीला तुमचं यायचं मी विचारलंय, तिने हो म्हटलंय, किल्ली दाराशेजारच्या घरी ठेवते म्हणाली.

पण त्याआधी या शनिवारी या. मी आणि वेद दोघंच घरी असू. दार मी उघडेन. जे काय म्हणायचं असेल ते त्याच्यासमोर मला म्हणा, आवाज तेवढा हळू ठेवा, त्याला मोठा आवाज सोसत नाही. मी एका शब्दानेही उत्तर देणार नाही.

अरुणा